घडवंचीवरचा पंच

आमच्या गल्लीत भांडण लागलं की लोक आधी कल्लाप्पाअण्णांच्या घरातली घडवंची बाहेर काढायचे. घडवंची म्हणजे पाण्याचे हंडे ठेवायची, उंच पायांची, लाकडी. अण्णांनी सुताराकडून तिचे पाय आणखी दोन हात वाढवून घेतले होते आणि चढायला दोन फळ्या मारून घेतल्या होत्या. भांडण कुणाचंही असो, दोघांच्या मध्ये पण जरा बाजूला ती घडवंची मांडायची आणि अण्णा वर चढून बसायचे. डोक्याला पटका, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल.

"हां, करा सुरू," वरून आवाज यायचा. "सर्व्हिस गंगाक्काची!"

सर्व्हिस म्हणजे बोलायची पाळी. जिची पाळी तिनंच बोलायचं. बोलण्यात दम असला तर एक गुण. बोलता बोलता अडखळली, तर पाळी समोरचीकडं. आणि शिवी तोंडातून गेली की अण्णा पाटीवर पेन्सिल आपटायचे, "फूल जाळीत! पाळी गेली!" बायकांचं भांडण अकरा गुणांना संपायचं, गड्यांचं पंधराला. तसा विलायतेतला नियमच आहे, असं ते सांगायचे. गंगाक्का म्हणजे गल्लीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई. एकदा ती आणि तिची जाऊ ओलं सूत वाळत घालायच्या दोरीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात होत्या. दहा-आठपर्यंत गेल्या आणि गंगाक्कालाच हसू फुटलं. "मुडद्या, आता एका गुणासाठी काय बोलू रं मी?" म्हणाली. मुडद्या म्हटल्याबद्दल अण्णांनी तिची पाळी काढून घेतली.

"भांडणारं माणूस मोजाय लागलं की त्येचं रगत थंड व्हतंय," अण्णा म्हणायचे. म्हणणं खरं होतं. आमच्या गल्लीतलं एकही भांडण कचेरीपर्यंत गेलं नाही.

त्यांच्या बायकोला, पारक्काला मात्र हा उद्योग सोसायचा नाही. "आमचं पाणी भुईवर आणि ह्यांचं बूड वर," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आता हे खूळ कुठून आलं ते सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे. मी गोविंद. बेळगावच्या कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबात कारकून होतो. आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि कॅम्प इंग्रजांचा. सकाळी एका राज्यातून निघायचं, दुसऱ्या राज्यात साहेबाची बोलणी खायची आणि संध्याकाळी आपल्या राज्यात परत येऊन अण्णांच्या तावडीत सापडायचं, असा माझा दिनक्रम. मी तसा तापट माणूस आहे, पण अण्णांपुढं माझं काही चालायचं नाही.

एके वर्षी क्लबातली बॅडमिंटनची जाळी उंदरांनी कुरतडली. विलायतेहून दुसरी यायला दोन-तीन महिने लागणार. साहेब माझ्या डोक्यावर बसला. आमच्या गल्लीत घरटी माग. मी ती जाळी उचलून आणली आणि दारोदार फिरलो. साड्या विणणारी माणसं, त्यांनी हात झाडले. "असली भोकाभोकांची साडी कोण नेसणार?" म्हणून गंगाक्का पोट धरून हसली. अण्णांनी मात्र जाळी मांडीवर घेतली, एकेक गाठ बोटांनी चाचपली आणि दोन दिवसांत अशी सांधली की फाटलं कुठं होतं ते मलाही दाखवता येईना. मग म्हणाले, "ही बांधायची कशी ते बघाय पायजे. ताण किती बसतोय ते कळल्याबगार मी जिम्मा घेत न्हाय."

म्हणून त्यांना क्लबात नेलं. तिथं त्यांनी तो खेळ पाहिला आणि माणूस गेला कामातून.

खेळणाऱ्यांकडं त्यांचं लक्ष फारसं नसायचंच. त्यांचा जीव जडला तो उंच खुर्चीवर बसलेल्या पंचावर. येताना सारा रस्ता तेच. "गोविंदा, बघितलास काय? कलेक्टर खेळतोय, पण वर बसलेला पंच साधा सुभेदार. त्यो म्हणाला फूल भाईर पडलं, की कलेक्टर गप! रागं न्हाय, भरणं न्हाय. असा न्याय मी जल्मात बघितला न्हाय रं."

त्यानंतर जाळीचं काम कायमचं त्यांच्याकडं आलं. खेळाच्या नियमांचं एक बारकं पुस्तक क्लबात होतं, इंग्रजीत. ते मी आठ संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मराठीत सांगितलं. एकेका नियमावर ते मला तासभर पिळायचे. रेघेवर पडलेलं पिसांचं फूल आत का? जाळीला शिवून पलीकडं गेलं तर? ऐकताना डोळे मिटलेले असायचे, ओठ हलत असायचे. एकदा कानावरून गेलेला नियम त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही.

विलायतेत दर वर्षी बॅडमिंटनची मोठी स्पर्धा व्हायची. इंग्लंड, आयर्लंड, डेन्मार्क, कुठकुठले खेळाडू यायचे. निकाल छापलेलं वर्तमानपत्र बोटीनं आमच्या क्लबात यायला तीन आठवडे लागायचे. ते तीन आठवडे अण्णा रोज वेशीपर्यंत सामोरे यायचे. "आलं?" "नाही आलं." "बोट बुडाली का काय?" बायकांच्या एकेरीत एक बाई लागोपाठ काही वर्षं जिंकत होती. तिचं नाव त्यांना उच्चारता यायचं नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. अण्णांनी तिला नाव ठेवलं थोरलीबाई. ती जिंकली की अण्णा गल्लीत चिरमुरे वाटायचे.

"कशाचं हो?" म्हातारीकोतारी विचारायची.

"थोरलीबाई जिकली!"

"ती आनि कोण? सदलग्याकडची काय तुमची?"

"व्हय, तिकडचीच," अण्णा म्हणायचे. "लई लांबची."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. गल्ली हसायची, मीही हसायचो. हसू कुठं थांबलं तेच आता सांगायचं आहे.

अण्णांची एकुलती एक लेक तुळसा. मागावर बसली तर बापापेक्षा सफाईनं काठ विणायची. तिला निपाणीला दिली होती. जावई तंबाखूच्या वखारीत कामाला, घरात सासू. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. एका दुपारी तुळसा बोचकं घेऊन एकटीच गल्लीत आली. हातावर काळेनिळे वळ होते. पारक्कानं तिला आत नेली आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी जावई आणि त्याचा चुलता न्यायला आले. चुलता बोलण्यात पटाईत. आता बाप काय करील? ज्याला त्याला आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जगरहाटीच आहे. पण अण्णांनी घडवंची बाहेर काढली. मला वाटलं, दम द्यायला काढली असेल. ते वर चढले, पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "आज माझी लेक हाय म्हणून कुणी काय मनात आणू नका. पंचाला लेक नसतीय."

सारी गल्ली जमली होती. पहिली पाळी तुळसाला दिली. ती खाली मान घालून म्हणाली, "मारत्यात. मला जमंना झालंय." एवढंच. पुढं शब्द फुटेना. पाळी गेली. चुलत्यानं मग पाऊण तास तोंड चालवलं. सुनेनं दूध उतू घालवलं, सासूला उलट बोलली, घरात पाय ठरत नाही, पुरुषाचा हात कधी उठतोच. बोलणं सफाईदार, एक शिवी नाही. अण्णा पाटीवर रेघा ओढत होते. परत तुळसाची पाळी आली, परत ती गप्प. पहिल्या बोलण्याचा तेवढा एक, पुढं जी बोललीच नाही तिला गुण कुठले?

अकरा-एक.

निकाल सांगताना अण्णांनी पाटीवरून नजर उचलली नाही, पण सांगितला. "डाव मांडलाय तर पुरा करायचा. अर्ध्यात सोडून जायाचं न्हाय." तुळसानं एकदा वर पाहिलं. मग आत गेली आणि बोचकं घेऊन आली. गल्लीत कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. लोकांच्या अंगावर ओरडण्यात ज्याची हयात गेली तो मी.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी उजवा हात सुजलेला होता. अण्णांनी घडवंची काढली नाही. म्हणाले, "एकदा दिलाय निकाल." दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तिला निपाणीच्या मोटारीत बसवून आले. त्या दिवसापासून पारक्का त्यांच्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, अंथरूण घालायची, पण तोंडातून शब्द नाही. एका घरात दोन माणसं आणि वर्षभर आवाज फक्त मागाचा.

अण्णा तसेच घडवंचीवर बसायचे, पण पाटीवरचे गुण चुकायला लागले. "अण्णा, नऊ झालेत माझं, आठ न्हाई," असं गंगाक्का सांगायची आणि तेही हळू आवाजात सांगायची. एकदा ओट्यावर बसले असताना त्यांनी मला विचारलं, "गोविंदा, पंचाची चूक झाली तर त्येला ती दुरुस्त करता येतीय काय रं?"

मी कामावरून दमून आलो होतो. बेफिकिरीनं म्हणालो, "एकदा दिला निकाल की दिला. तुम्हीच म्हणता की."

"व्हय," ते म्हणाले. "खरंच की."

त्या हिवाळ्यात आमच्या क्लबात कधी झालं नव्हतं ते झालं. विलायतेचे आणि डेन्मार्कचे काही खेळाडू हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते, मलायाचेही दोघं होते. मुंबईहून पुढं जाताना चार दिवस बेळगावला मुक्काम ठरला आणि साहेबांनी क्लबाच्या मोठ्या हॉलमध्ये टुर्नामेंट भरवली. पाहुण्यांच्या यादीत थोरलीबाईचं नाव होतं. मी ते अण्णांना सांगितलं तर त्यांनी माग थांबवला आणि हातातलं सूत खाली ठेवलं.

"ती? आपल्या बेळगावात? माझ्या जाळीवर?"

चारही दिवस जाळी बांधायचं काम त्यांचंच. साहेबांसमोर जायचं म्हणून त्यांनी धोतराला आणि पटक्याला मागाच्या सुताला लावतात ती खळ लावली होती. इतकी लावली होती की ते चालताना धोतर कडकड वाजायचं. साहेबलोक वळून बघायचे. मी लाजेनं भिंतीकडं तोंड करायचो. पण जाळी अशी ताणून बांधली होती की डेन्मार्कच्या एका गड्यानं येऊन बोटानं वाजवून पाहिली आणि मान डोलावली. अण्णांनी त्याला वाकून नमस्कार केला.

पुरुषांचा कप मलायाच्या एका सडपातळ पोरसवदा खेळाडूनं नेला. समोरचा एवढा मोठा इंग्रज धापा टाकत राहिला आणि तो मात्र घामही न पुसता उभा. क्लबातले आम्ही सगळे काळे नोकर खांबाआड मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. शेवटच्या दिवशी बायकांची फायनल झाली. एका बाजूला थोरलीबाई, दुसऱ्या बाजूला डेन्मार्कची एक तरुण पोरगी. तिला अण्णांनी लगेच धाकटीबाई करून टाकलं. अण्णा जाळीच्या खांबाशी भुईवर बसले होते, मी त्यांच्या मागं.

पहिला गेम थोरलीचा, दुसरा धाकटीचा. तिसऱ्यात थोरली आठ-सहा अशी पुढं. फूल मागच्या कोपऱ्यात पडत होतं म्हणून ती उलटी पळाली, पाय मुरगळला आणि गुडघ्यावर आदळली. उठली. दोन पावलं चालली. सर्व्हिस करायला हातही उचलला. मग हात खाली घेतला. पंचाकडं बघून तिनं मान हलवली, काहीतरी म्हणाली आणि बॅट भुईवर ठेवली.

अण्णांनी माझा हात पकडला. "काय म्हणाली?"

"जमत नाही म्हणाली. सोडतेय डाव."

"पुढं हाय की रं ती! आठ हायत तिचं!"

तेवढ्यात पंच, एक पांढऱ्या मिशांचा मेजर, आपल्या उंच खुर्चीवरून खाली उतरला. सावकाश, एकेक पायरी धरत. कोर्टात गेला आणि थोरलीबाईच्या दंडाखाली हात घातला. पलीकडून धाकटी धावत आली, तिनं दुसरी बाजू धरली. सारा हॉल उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जिंकलेल्या पोरीसाठी नव्हत्या त्या टाळ्या. कप धाकटीला मिळाला, तो घ्यायला तिनं थोरलीला सोबत ओढलं. कपाला दोन कान होते. एक हिच्या हातात, एक तिच्या.

अण्णांना टाळ्या वाजवायचं भान नव्हतं. सगळं आटोपल्यावर, खुर्च्या उचलायला लागले तेव्हा, त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी बारीक.

"आता तिला बोल लावणार?"

"कोण?"

"तिची माणसं. अर्ध्यात सोडलं म्हणून."

"कशाला बोल लावतील? दुखलं, जमेना, सोडलं. तसं करता येतं. नियमातच आहे."

"नियमात हाय?" ते माझ्याकडं बघत राहिले. "कुठल्या नियमात? तू मला सांगितला न्हाईस."

ते पुस्तक माझ्या टेबलाच्या खणातच होतं. मी जाऊन आणलं. शेवटच्या पानांत ते होतं. खेळाडूला पुढं खेळणं शक्य नसेल तर त्यानं तसं सांगावं, पंचानं डाव तिथं थांबवावा, अशा अर्थाचं. चार ओळी. मी त्यांना वाचून दाखवल्या आणि मग जे वर्षानुवर्षं लपलं होतं तेही सांगून टाकलं. आठव्या संध्याकाळी मी कंटाळलो होतो. त्यांच्या प्रश्नांनी डोकं उठलं होतं. शेवटची दोन पानं मी वाचलीच नव्हती. "झालं, संपलं पुस्तक," म्हणून मिटलं होतं.

वाटलं, आता हा माणूस मला मारील. मारायला हवं होतं. अण्णा उठून खांबाशी गेले. जाळी सोडली, घडी घातली. घडी चुकली, परत घातली, परत चुकली. मग ती जाळी मांडीवर घेऊन तसेच भुईवर बसले आणि रडायला लागले. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. साहेबाचा बटलर बघत उभा राहिला.

"पंच खाली उतरला रं, गोविंदा," ते म्हणाले. "परक्या बाईसाठी उतरला. आणि मी माझ्या लेकीला अकरा-एक दिले. दोनदा परत धाडली मी तिला. दोनदा!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं आम्ही निपाणीला गेलो. साहेबाला न विचारता मी रजा घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा. वाटेत मी अण्णांना चहा आणला, तो त्यांच्या हातातच गार झाला. जिवंत तर असेल ना पोरगी, हा विचार माझ्या मनात येत होता आणि त्यांच्याही मनात तोच होता हे मला कळत होतं. वर्षभरात तिची काही खबर नव्हती.

सासूनं आम्हाला सोप्यात बसायला सांगितलं. अण्णा बसले नाहीत. सरळ घरातून मागं परसात गेले, मी त्यांच्या मागोमाग. तुळसा तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत बसली होती. खाली भुकटीचा ढीग. तिनं वर पाहिलं. उठली नाही, पदरही सोडला नाही. नुसते डोळे दिसत होते.

"तुळसा," अण्णा म्हणाले, "पुस्तकात हाय गं. जमंना झालं तर सोडता येतंय. मला ठावं नव्हतं. ह्येनं मला..." माझ्याकडं हात केला आणि तो हात तसाच खाली घेतला. "जळो ते पुस्तक. मी चुकलो, पोरी. चल घरला."

तिच्या हातातली चाळण थांबली होती.

"परत धाडणार असला तर मी येत न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा मला निभणार न्हाई."

"न्हाई धाडत."

"कोण न्यायला आलं तर?"

"कुणी बी येऊ दे. दारात मी हाय."

सासूनं तोवर वखारीत निरोप पाठवला होता. "चला लवकर," मी कुजबुजलो. अण्णा म्हणाले, "थांब. चोरून न्हाय न्हेत तिला. त्येला सांगून जायाचं." जावई आला, तावातावानं आला. आमच्या तोंडावर बोलायचं ते सगळं बोलला. गावभर मोठा पंच म्हणून मिरवता आणि शब्द फिरवता, लाज नाही वाटत? आज उंबरा ओलांडला तर परत या घरात पाऊल नाही.

"बरं," अण्णा म्हणाले.

एवढंच. ज्या माणसाला एकेका नियमावर तासभर बोलायला लागायचं, तो एवढंच बोलला. तुळसा उठली. तिला उभं राहायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तोंडावरचा पदर तिनं सोडला तेव्हा मी मान वळवली. किती वाळली होती पोर! बरोबर घ्यायला तिचं असं काहीच नव्हतं.

मोटारीत अण्णा दर पाच मिनिटांनी तिला विचारायचे, "भूक लागलीया? पाणी पायजे? वारं लागतंय?" ती मान हलवायची. संकेश्वर मागं गेलं तेव्हा तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. अण्णा पुढं बेळगाव येईपर्यंत हलले नाहीत. मोटारीनं एवढे धक्के खाल्ले, पण तो खांदा त्यांनी जागचा हलू दिला नाही.

दिवेलागणीला गल्लीत पोचलो. पारक्का दारात आली. लेकीकडं पाहिलं, आत गेली आणि भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन परत आली. ते तुळसावरून ओवाळून टाकलं. लेक आत गेली तशी ती नवऱ्याकडं वळली. वर्षभरानं.

"हातपाय धुवा," म्हणाली. "वाढतो."

अण्णा न्हाणीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन क्लबात जायला निघालो. साहेब आज काय म्हणेल या धास्तीत होतो, त्यामुळं गल्लीत काय वेगळं आहे ते आधी लक्षातच आलं नाही. मग थबकलो. नऊ वाजून गेले होते. या वेळेला आमच्या गल्लीत वीस माग चालू असायचे, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. आणि आज चिमणीचा आवाज ऐकू येत होता. गंगाक्काच्या दारातून आत डोकावलं तर तिचा नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसता बसला होता. गंगाक्कानं तोंडावर बोट ठेवलं. अण्णा पहाटेच उठून घराघरांत जाऊन आले होते. प्रत्येकाच्या दारात हात जोडून उभे राहिले होते.

त्यांच्या घराशी आलो. दार लोटलेलं. अण्णा उंबऱ्यावर बसले होते, पाठ दाराला लावून. मला बघून घाईनं उठले, दोन पावलं पुढं आले आणि माझ्या सायकलची घंटी मुठीत धरली.

"वाजवू नगंस," ते अगदी हळू म्हणाले. "हातानं धरून न्हे वेशीपातूर. तुळसा निजलीया रं. कालपासनं निजलीया."

मी सायकल खांद्यावर घेतली आणि अनवाणी गल्लीबाहेर गेलो.